मागची बाजू दाखवा

माझ्या फोनमधे सध्या मुलीच्या फोटोंपेक्षा जास्त फोटो पांढऱ्या टेबलावर उताण्या पसरलेल्या कपड्यांचे आहेत. शर्टाची कॉलर, कोटाचं अस्तर, बुटाची टाच, धुण्याच्या सूचनांचं लेबल, परत कॉलर. चीनमधे ग्वांगडोंग प्रांतातल्या एका गोदामात काढलेले हे फोटो मी इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला सोफ्यावर बसून दोन बोटांनी मोठे करकरून बघते, आणि जिथे अडते तिथे सरळ इचलकरंजीला बाबांना पाठवून देते. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते त्यामुळे उत्तर सकाळी येतं, आणि ते बहुतेक वेळा एकच असतं. "मागची बाजू कुठाय?"

हे सगळं कसं चालतं ते आधी सांगते, कारण भारतातल्या माझ्या मैत्रिणींना हा प्रकार माहीतच नाही, तिकडे बरीचशी चिनी शॉपिंग अ‍ॅप्स २०२० मधे बंद झाली. ताओबाओ म्हणजे २००३ पासूनचा चीनचा अवाढव्य ऑनलाइन बाजार आणि १६८८ म्हणजे त्याच घरातला, अलिबाबा कंपनीचा होलसेलचा बाजार, हा आकडा चिनीत वाचला की अलिबाबासारखा ऐकू येतो म्हणून ते नाव. दुकानदार चिनीत बोलणार, पैसे तिकडच्या पद्धतीने घेणार, आणि त्यातले खूपसे माल फक्त चीनमधल्याच पत्त्यावर पाठवणार. म्हणून मधे एजंट लागतो. आपण लिंक द्यायची, तो वस्तू विकत घेतो, ती त्याच्या गोदामात येते, तिथलं कुणीतरी ती उघडतं, वजन करतं, फोटो काढतं, आणि आपल्याला मेसेज येतो की माल आलाय, बघून घ्या. आपण हो म्हटलं की तो नग आपल्या नावाच्या खणात जातो, असे चारसहा नग जमले की एकच खोकं बांधून इकडे निघतं. नाही म्हटलं तर दुकानदाराकडे परत. या खरेदीतली तरुण पोरं त्या फोटोंना क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, म्हणतात आणि हो-नाहीला ग्रीन लाइट, रेड लाइट.

आणि माल अडवायचं हे एकच फाटक असतं आपल्या हातात. एकदा का खोकं जर्मनीत पोचलं की परत पाठवायचा टपालखर्च वस्तूच्या किमतीच्या वर जातो. शिवाय १ जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनमधे बाहेरून येणाऱ्या मालावरची २२ युरोपर्यंतची करसूट गेली, त्यामुळे पहिल्या युरोपासून १९ टक्के कर भरायचा, आणि खोक्यातला माल १५० युरोच्या वर गेला तर कपड्यांवर साधारण १२ टक्के कस्टम ड्यूटी वेगळी. म्हणजे चुकीच्या शर्टावरसुद्धा कर भरून बसायचं. याउलट चीनच्या आतल्या आत परत करणं सोपं आहे, १५ मार्च २०१४ पासून तिथल्या ग्राहक कायद्यात ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसात कारण न सांगता परत करायची सोय आहे, मापाने शिवून घेतलेल्या वगैरे वस्तू सोडून. पण ते सात दिवस गोदामात माल पोचल्यापासून मोजले जातात, त्यामुळे फोटो आले की बसायचं आणि बघायचं, उद्यावर टाकायचं नाही.

मी पहिल्यांदा हे करायला लागले ते लिननच्या सैल जॅकेटांसाठी. बटणं कापडाच्याच गाठींची, बाह्या रुंद, खिसे खोल, इथल्या दुकानांत तसं काही मिळत नाही आणि मिळालं तर किंमत बघून हात मागे येतो. पहिल्या दोनतीन वेळा फोटो आले, मी बघितले, छान दिसतंय म्हटलं आणि हो करून टाकलं. पुढून छान होतंच. घरी आल्यावर एका जॅकेटाची पाठीमागची शिवण तिरकी निघाली, आतली दुमड कच्ची, दोन धुण्यात उसवायला लागली. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "तू कापड बघितलंच न्हाईस. तू चित्र बघितलंस."

बाबांचं सांगायला हवं. इचलकरंजीत १९०४ मधे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गावच मागावर चालायला लागलं, आमच्या गल्लीत रात्री अडीचला जाग आली आणि खटखट ऐकू आली नाही तर माणसं घाबरून उठायची की लाइट गेली की काय. बाबा विणायचे नाहीत. ते घडीवाले, फोल्डिंग खात्यात. मागावरून उतरलेला तागा त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मीटर मीटर पुढे ओढत बघत जायचे, दोष दिसला की खडूची खूण, आणि मग घडी. चौतीस वर्षं. माझ्या लहानपणी सुट्टीत डबा घेऊन मी तिकडे जायची आणि टेबलाखाली बसून वरून सरकत जाणारं कापड खालून बघायची, मला कापडाची उलटी बाजू आधी माहीत झाली आणि सुलटी नंतर, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्याकडे एक पिकग्लास होता, पितळी, घडीचा, इंचभर चौकोनाचा. तो कापडावर ठेवायचा आणि वरच्या भिंगातून उभे किती, आडवे किती धागे ते मोजायचे. तो अजून त्यांच्या कपाटात आहे. फोटोवर पिकग्लास ठेवता येत नाही, पण गोदामातल्या टेबलावर सेंटिमीटरची पट्टी छापलेली असते आणि चारपाच युआन जास्त दिले की जवळून फोटो काढून देतात, तेव्हा पट्टीच्या एका सेंटिमीटरमधे किती धागे बसलेत ते बाबा स्क्रीनवर मोजतात. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. एकदा मोजून म्हणाले, हे विरळ आहे, याला कांजी मारून उभं केलंय, धुतलं की मरेल. मी परत पाठवलं.

पण मोजण्याच्या आधी उजेड. हे मी फार महागात शिकले.

नणंदेला मोहरी रंगाचा लोकरीचा कोट हवा होता. दुकानाच्या पानावर अगदी मोहरी, आपल्या फोडणीतली नव्हे तर वाटून लावलेली पिवळी, तशी. गोदामातले फोटो आले तर कोट हिरवट, शेवाळ्यासारखा. चिनी दुकानदार रंगातल्या फरकाला से-छा म्हणतात आणि प्रत्येक पानावर आधीच लिहून ठेवतात की स्क्रीनमुळे से-छा असू शकते, म्हणून मला वाटलं हे पळवाट काढतायत, मी लगेच रेड लाइट दिला. कोट गेला परत. दुसऱ्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं, फोटो दाखवले, तर त्यांनी कोटाकडे बघितलंच नाही. "टेबल कुठल्या रंगाचं आहे?" पांढरं, मी म्हटलं. "मग फोटोत कसलं दिसतंय बघ." फोटोत टेबल हिरवट होतं. पट्टीचा पांढरा भागही हिरवट होता. कोट बरोबरच होता, गोदामातले दिवे आणि मोबाइलचा कॅमेरा यांनी मिळून सगळ्यावरच हिरवी छटा चढवली होती. त्या मोसमात तो कोट परत मिळाला नाही, संपला.

आता मी फोटो उघडला की कपडा बघतच नाही आधी. टेबल बघते, पट्टी बघते, लेबलाचा पांढरा कागद बघते, म्हणजे जे पांढरं असायलाच हवं ते फोटोत किती पांढरं उरलंय ते. आणि हे काही नवीन शहाणपण नाहीये. आई कोल्हापूरला महाद्वार रोडवर साडी घ्यायची तेव्हा गादीवरून उठून साडीचा पदर धरून दुकानाच्या दारात जायची, उन्हात बघायची, दुकानदाराला त्यात काही वाटायचं नाही, तो स्वतःच म्हणायचा की वहिनी बाहेर उजेडात बघून घ्या. मॅचिंग सेंटरमधे ट्यूबलाइटखाली जुळवलेला ब्लाउज पीस घरी अंगणात वेगळाच निघतो हे कुठल्या बाईने अनुभवलं नाही. दोन रंग एका उजेडात एकसारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात कारण ते वेगळ्या रसायनांतून आलेले असतात, उजेडातले वेगवेगळे किरण ते वेगवेगळ्या प्रमाणात परत फेकतात. आई हे असं सांगू शकली नसती. पण तिला दार कुठेय ते माहीत होतं. माझी अडचण ही की माझ्या दुकानाला दार नाही. म्हणून मी आता एजंटला लिहिते, शक्य असेल तर खिडकीपाशी एक फोटो. कधी काढतात, कधी नाही, पण काढला तर तो एक फोटो बाकीच्या सहांपेक्षा जास्त सांगतो.

दुसरी गोष्ट वजन. लोक फोटो बघतात आणि फोटोखाली लिहिलेला ग्रॅमचा आकडा बघतच नाहीत, आणि मला तर आता वाटतं की सगळ्यात खरं तोच बोलतो. रेशमाची जाडी मोमे नावाच्या मापात सांगतात, एक मोमे म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. मी एक स्टोल मागवला होता, २०० सेंटिमीटर लांब, ७० रुंद, दुकानदार म्हणे १९ मोमे. म्हणजे १.४ चौरस मीटर कापड, चौरस मीटरला ८२ ग्रॅमच्या आसपास, एकूण ११५ ग्रॅम भरायला हवं. गोदामाचा काटा सांगत होता ७४. उलटा हिशोब केला तर बारा मोमे. फोटोत स्टोल देखणा होता, चमक होती, काठाची दुमड हाताने गुंडाळून शिवलेली होती, पण कापड सांगितल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी होतं आणि हे फोटोत कुठल्याच कोनातून दिसलं नसतं. बाबांना हा हिशोब पाठवला तेव्हा त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्यांच्याकडून अंगठा म्हणजे खूप झालं.

मापाचंही थोडं सांगते कारण सगळे तिथेच फसतात. चिनी लेबलावर १६५/८८ए असं काहीतरी असतं. १६५ उंची, ८८ छाती, आणि ते ए म्हणजे छाती आणि कंबर यांतला फरक, बायकांसाठी १४ ते १८ सेंटिमीटर. फरक ९ ते १३ असेल तर बी, ४ ते ८ असेल तर सी, १९ ते २४ असेल तर वाय. मी बघितलेल्या लेबलांवर बहुतेक वेळा ए हेच अक्षर असतं. माझी छाती ९२ आणि कंबर ८०, म्हणजे मी बी, म्हणजे छातीला बरोबर बसलेला कपडा मला पोटावर ओढला जाणार हे शिवण्याआधीच ठरलेलं आहे. त्यामुळे लार्ज, एक्सएल सगळं विसरायचं, आपल्याकडचा जो शर्ट आपल्याला नीट बसतो तो जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायचा, खांदा मोजायचा, लांबी मोजायची, आणि गोदामातल्या टेपच्या फोटोशी ताडून बघायचं. एक ते तीन सेंटिमीटरचा फरक हाताने मोजल्यामुळे येतो असं ते दुकानदार लिहून ठेवतात आणि ते खरं आहे, कापड थोडं ओढलं तरी टेप पुढे सरकते. फोटोत टेपच्या दोन्ही टोकांशी कापडाला सुरकुती आहे का बघा. सुरकुती नसेल आणि कापड ताठ असेल तर ओढलंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. हे असे फोटो तपासणाऱ्यांतले खूप जण नकली मालासाठी तपासतात, मोठ्या ब्रँडच्या बुटाची नक्कल किती हुबेहूब झालीय, टाके तितकेच आहेत का, लोगो अर्धा मिलिमीटर सरकलाय का. त्यांची नजर विलक्षण असते हे मी मान्य करते, त्यांच्याकडून मी बरंच शिकलेही. पण मला तो माल नको. जो कपडा स्वतःच्या नावाने उभा राहू शकत नाही त्याच्या शिवणी मोजत बसण्यात मला जीव रमवता येत नाही, आणि कस्टममधे सापडला तर तो जप्त होऊन नष्ट होतो ते वेगळंच.

आता जे मला खरं तर बोलायचंय त्याकडे येते.

गेल्या वर्षी एका लिननच्या शर्टाच्या पाठीवर मला आडवी रेघ दिसली. बारीक, पण पूर्ण रुंदीभर. मी फोटोवर लाल गोल काढून परत पाठवायला सांगितलं, आणि कौतुकाने बाबांना दाखवलं की बघा मी कसं पकडलं. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब नेला. म्हणाले, माग थांबून परत सुरू झालाय इथे. लाइट गेली असेल नाहीतर आडवा धागा संपला असेल. थांबला की ताण बदलतो, परत सुरू झाला की पहिले दोनचार धागे दाट नाहीतर विरळ बसतात, त्याची ती रेघ. मग विचारलं, "परत केलास म्हणजे पैसे कुणाचे कापले?"

मला उत्तर माहीत नव्हतं. दुकानदाराचे गेले असतील, मी म्हटलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी मग जे सांगितलं ते चौतीस वर्षांत त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. की त्यांच्या खडूच्या खुणेवर विणकराची मजुरी कापली जायची. मजुरी 'पिक'च्या हिशोबाने, म्हणजे आडवे धागे किती पडले त्यावर, आणि दोषाचा तागा निघाला की त्यातून वजावट. त्यामुळे खूण करायच्या आधी ते स्वतःला विचारायचे की हा दोष कुणाचा. उभा धागा तुटून हातभर तसाच गेलाय म्हणजे विणणाऱ्याचं लक्ष नव्हतं, पण त्याच्यावर किती माग सोपवलेत तेही बघायला हवं. तेलाचा थेंब आहे म्हणजे मागाच्या देखभालीत कुठेतरी कसूर. पूर्ण ताग्याच्या रंगातच फरक आहे म्हणजे सूत दोन लॉटचं आलंय, ते सूत आणणाऱ्याचं. आणि लाइट गेल्याची आडवी रेघ, तिला विणकर काय करणार. "मी ती खूण करायचो न्हाई," ते म्हणाले. "तागा घडीत अशा जागी मोडायचो की ती रेघ मोडीवर यायची. मालकाला ठाऊक होतं. तोबी काय बोलायचा न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही नाही, लागली, पण त्यानंतर मी फोटो वेगळे बघायला लागले. म्हणजे त्यातली माणसं दिसायला लागली. ती तशी दिसतातच, आपण बघत नाही. कॉलर उलटी करून धरलेल्या फोटोत अंगठा असतो, नखावर अर्धी गेलेली गुलाबी नेलपॉलिश. गेले सातआठ महिने माझ्या फोटोंत हाच अंगठा अधूनमधून येतो. मधे एकदा त्यावर बँडेज होतं. ती दिवसभर पांढऱ्या दिव्यांखाली उभी राहून लोकांचे कपडे उलगडते, दोन्ही खांदे सरळ करते, बटणं लावते, फोटो काढते, परत घडी घालते. तिची घडी चांगली आहे, बाह्या आत, कॉलर वर, बाबांनी पहिल्याच वेळी ओळखलं की हिला कुणीतरी शिकवलंय. मी काही सांगायचं असेल तर आता आधी धन्यवाद लिहिते, भाषांतराच्या अ‍ॅपमधून चिनीत. ते तिच्यापर्यंत पोचतं का कोण जाणे.

आणि मी आता दोन प्रश्न विचारते. हा दोष कपड्याचं आयुष्य कमी करणार आहे का? आणि मला खोटं सांगितलं गेलंय का? स्टोलचं वजन कमी होतं, ते खोटं होतं, परत. लेबलवर पॉलिएस्टर आणि पानावर रेशीम, परत. कच्ची शिवण, बगलेत ओढ, चौकड्याच्या कोटात बाजूच्या शिवणीवर चौकटी न जुळणं, परत, कारण ते कापताना विचार केला नाही म्हणून झालंय. पण लांब राहिलेला दोरा, एका काजाची टीप जराशी वाकडी, विणीतली एखादी गाठ, हे मी ठेवते. दोरा मी कापीन. काही लोकांना हे चुकीचं वाटेल, पैसे पूर्ण दिलेत तर माल पूर्ण हवा, आणि तेही बरोबर आहे, मी त्यांना काही शिकवायला जात नाही. मला मात्र माझ्या घरातल्या माणसाच्या हातात खडू होता हे विसरता येत नाही.

यावर्षी बाबा पंचाहत्तरीचे झाले. त्यांच्यासाठी मला शियांग-युन-शाचं जॅकेट घ्यायचं होतं. हे रेशीम ग्वांगडोंगमधेच तयार होतं, शुंदे भागात, आणि २००८ मधे चीनने ते आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. शूलियांग नावाचा एक कंद आहे, त्याच्या तांबड्या रसात रेशीम बुडवायचं, गवतावर पसरून उन्हात वाळवायचं, परत बुडवायचं, परत वाळवायचं, असं कितीतरी वेळा. मग सूर्य वर यायच्या आत नदीतला गाळ एका बाजूला फासायचा. गाळात लोह असतं, कंदात टॅनिन, दोन्ही एकत्र आले की काळं होतं, आपल्याकडे हिरडा आणि लोखंड घालून काळा रंग करायचे तेच हे. गाळ लागलेली बाजू काळी चकचकीत आणि मागची बाजू विटकरी तपकिरी. अंगाला थंड लागतं, घामाने चिकटत नाही, नवीन असताना थोडं कडक असतं आणि चालताना सळसळतं, वापरून वापरून मऊ पडत जातं. इचलकरंजीच्या उन्हाळ्याला यापेक्षा चांगलं कापड मला सुचलं नाही.

बाजारात छापील नकलाही आहेत, म्हणून फोटो आल्याबरोबर मी सगळ्यात आधी आतली बाजू मागितली. बाही उलटी करून, शिवणीच्या आतला भाग, खिशाचा तळ. आली. आत तपकिरी, बाहेर काळं, पृष्ठभागावर बारीक तडे, जुन्या मातीच्या भांड्याला असतात तसे. वजन जुळत होतं. टेबल पांढरं होतं. आणि डाव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, एक उंचवटा, नखाएवढा, तिथे वीण वेगळी. शेवटी यात निघालंच काहीतरी, वाटलं. हे जॅकेट माझ्या नेहमीच्या खरेदीच्या तिप्पट किमतीचं होतं, आणि ते बाबांसाठी होतं, त्यात मला गाठसुद्धा नको होती.

मी त्यांना न सांगता फोटो पाठवले. एका ओळखीच्यांसाठी घेतेय, बाहीवर काहीतरी आहे, परत करू का?

सकाळी उत्तर आलं, मागची बाजू. मी त्या जागेचा आतून जवळचा फोटो मागवला, त्याला दीड दिवस लागला, नेलपॉलिशवालीने पट्टी शेजारी ठेवून काढला होता, दोन कोनांतून. पाठवला. मग बाबांचा फोनच आला.

"रफू आहे हे," ते म्हणाले. "हाताचं. उभे धागे चार तुटलेत, कुणीतरी सुईने एकेक परत ओवलाय, वर-खाली वर-खाली, विणीच्या हिशोबानं. आणि रंग बघ. रफूच्या धाग्याला तोच रंग आहे ना, आतून तपकिरी, वरून काळा?"

होता.

"म्हणजे रंगवायच्या आधी केलंय. कापड पांढरं असतानाच घडीवाल्याला दिसलं, त्यानं टाकून दिलं न्हाई, बसून भरलं, आणि मग ते तुझ्या त्या गाळात गेलं. इतक्यांदा बुडवलं, वाळवलं, तरी धागा जागचा हलला न्हाई." थोडा वेळ ते गप्प होते, फोनवर त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता. "आता काय सुटत न्हाई ते. मागव. ज्यांच्यासाठी घेतेयस त्यांना सांग, तिथं हात लावून बघा म्हणावं."

मी लॅपटॉप उघडून हो केलं.

डिसेंबरमधे आम्ही गेलो तेव्हा जॅकेट माझ्या हातातल्या बॅगेत होतं, सुटकेसमधे टाकायचा धीर झाला नाही. त्यांनी कागद सोडला, काळं कापड बघितलं, माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली घालून दाखवा की. त्यांनी घातलं नाही. ते उठून दारात गेले, उंबऱ्यापाशी ऊन येतं तिथे उभे राहिले, डाव्या बाहीत हात घालून ती उलटी केली, आणि अंगठ्याने कोपराखालची ती जागा शोधायला लागले.